मुंबई ते न्यूयॉर्क नेमके किती लांब?

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाने अंतर मोजून देणाऱ्या एखाद्या साधनात दोन्ही विमानतळांची नावे टाकली, तर उत्तर येते साधारण १२,५३० किलोमीटर, आणि त्याखाली उड्डाणाचा अंदाजे वेळ दिसतो सव्वापंधरा तास. तिकीट हाती आले की हिशेब बदलतो. जाताना सोळा तास लिहिलेले असतात आणि येताना साडेचौदा. हंगाम आणि मार्ग यांनुसार हे आकडे पुढेमागे होतात, पण जाण्यायेण्यातला फरक राहतोच. त्यातच घड्याळाकडे पाहिले तर हिवाळ्यात पहाटे दोनला मुंबई सोडलेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला टेकलेले असते, म्हणजे दिसायला साडेपाचच तास. परतताना सकाळी साडेअकराला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरतो. ते होतात पंचवीस तास. एकाच वाटेचे हे इतके वेगवेगळे आकडे आहेत आणि त्यांतला एकही खोटा नाही.

गोंधळ होतो तो दोन विमानतळांमध्ये एकच अंतर असते असे आपण गृहीत धरतो म्हणून. प्रत्यक्षात निदान तीन अंतरे असतात. पहिले पृथ्वीच्या गोलावरचे, जे भूमितीने ठरते आणि कधी बदलत नाही. दुसरे ज्या वाटेने जायची परवानगी आहे त्या वाटेचे, जे राजकारणाने आणि सुरक्षिततेच्या नियमांनी ठरते आणि एका रात्रीत बदलू शकते. तिसरे विमानाने प्रत्यक्ष कापलेल्या हवेचे, जे वाऱ्याने ठरते आणि रोज वेगळे असते. प्रवासाचा वेळ ठरतो तो या तिसऱ्या अंतरावर, आणि मोजून देणारे साधन सांगते ते मात्र पहिले.

पहिल्या अंतरापासून सुरुवात करू. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडली, तर रेघ अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्तचा दक्षिण भाग, अल्जीरिया आणि मोरोक्को यांवरून जाऊन अटलांटिक ओलांडते. अमेरिका पश्चिमेला आहे, तेव्हा विमानही पश्चिमेला जाणार, ही आपली समजूत याच नकाशाने घट्ट केलेली असते. पण विमानात समोरच्या पडद्यावर पाहिले, तर मुंबई सोडल्यावर विमानाचे नाक बहुधा उत्तरेकडे झुकलेले दिसते, युरोपाच्या वरच्या अंगाने जाणारी कमान दिसते, आणि मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेले आजोबा शेजाऱ्याला हळूच विचारतात की हे आपल्याला रशियाला तर नेत नाहीत ना. आजोबांची शंका अगदी रास्त असते, कारण बालवर्गापासून त्यांनी पाहिलेला नकाशा सपाट होता.

हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. शाळेत असतो तसा ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. शिवणकामाच्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे आणि दोरा आधी सपाट नकाशातल्या रेघेप्रमाणे, म्हणजे सौदी, इजिप्त, मोरोक्को अशा क्रमाने नेऊन न्यूयॉर्कवर दुसऱ्या हाताने धरावा. दोरा साधारण साडेतेहतीस सेंटीमीटर लागतो. आता न्यूयॉर्ककडचे टोक हळूहळू ओढत दोरा ताणावा. तो आफ्रिकेवर थांबतच नाही. वर सरकत जातो, भूमध्य समुद्र ओलांडतो, युरोपही ओलांडतो आणि पूर्ण ताणला गेला की सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानच्या पश्चिम भागावरून मॉस्कोजवळ जातो. तिथून सेंट पीटर्सबर्गला बाजूला ठेवत नॉर्वेतल्या ट्रोंडहेमजवळून समुद्रात उतरतो आणि आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळपास घासून कॅनडात शिरतो. दोऱ्याची लांबी आता साडेएकोणतीस सेंटीमीटर भरते. हातात उरलेला चार सेंटीमीटर दोरा म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर.

या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, वैमानिकांच्या तोंडी ती ग्रेट सर्कल असते. पृथ्वीच्या मध्यातून सुरी फिरवून गोलाचे दोन समान भाग केले, तर कापाच्या कडेवर जे वर्तुळ दिसेल ते बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नेहमी अशाच वर्तुळाचा तुकडा असते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि न्यूयॉर्क ४१ अंशांवर. तरीही त्यांना जोडणारी जवळची वाट मध्ये जवळपास ६५ अंशांपर्यंत वर जाते. मुंबईहून निघताना तिची दिशा पश्चिम नसून उत्तर-वायव्य असते, म्हणजे उत्तरेपासून जेमतेम २७ अंश डावीकडे.

वर जाऊन खाली येणे जवळचे कसे, हे पटवून घ्यायला देवळातली प्रदक्षिणा आठवावी. गाभाऱ्याच्या भिंतीला लागून घातलेली प्रदक्षिणा चार पावलांत होते. तीच प्राकाराच्या बाहेरून घालायची तर दमछाक होते, आणि तरीही दोन्हींत देवाभोवतीचा फेरा पूर्णच झालेला असतो. पृथ्वीवर विषुववृत्ताचा फेरा ४०,००० किलोमीटरचा आहे, तर ६० अंश अक्षांशावरचा फेरा त्याच्या निम्मा. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात रेखांशांचा फरक जवळपास १४७ अंशांचा आहे. एवढा मोठा फेरा खालच्या रुंद वर्तुळावरून घालण्यापेक्षा वर चढून अरुंद वर्तुळाजवळून घालणे स्वस्त पडते.

भिंतीवरचा नकाशा हे लपवतो, कारण मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये ज्या पद्धतीने तो आखला, ती दर्यावर्दी लोकांच्या सोयीची होती. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज हाकायचे असेल, तर त्या नकाशावर ती वाट सरळ रेघ दिसते. त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश बेसुमार ताणला जातो, इतका की आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे असलेले ग्रीनलँड तिच्या बरोबरीचे भासते. दिशा राखणारा नकाशा अंतर राखत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पडद्यावरची कमान वाकडी वाटत नाही. खरे तर ती सरळ आहे आणि पडदा वाकडा आहे.

पृथ्वी पुरती गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. त्यामुळे वेगवेगळी साधने मुंबई आणि न्यूयॉर्क यांचे अंतर दहापंधरा किलोमीटरांच्या फरकाने देतात. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. धावपट्टीवर उतरण्याआधी विमान रांगेत थांबून याहून जास्त घिरट्या घालते.

काळजी करायची ती दुसऱ्या अंतराची. ताणलेला दोरा ज्या ज्या देशावरून जातो, त्या प्रत्येकाचे आकाश त्याच्या मालकीचे आहे. वरून जाऊ द्यायचे की नाही हे तो ठरवतो, आणि जाऊ दिले तर त्याचे शुल्क घेतो. मुंबई ते न्यूयॉर्क या वाटेत पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया येतात. एखाद्या वाटेवर अडचणीची इतकी नावे ओळीने सापडणे विरळाच. बालाकोटनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तापालट झाल्यावर तिथले हवाई नियंत्रण कोलमडले आणि बहुतेक कंपन्यांनी ते आकाश टाळले. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाने अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, पण भारतीय विमानांना केले नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमधले अंतर कंपनी कोणत्या देशाची आहे यावर ठरू लागले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश पुन्हा बंद केले, आणि आता उलट बाजूने तोच प्रकार झाला.

याचा परिणाम किती होतो, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. दिल्ली ते न्यूयॉर्क हे गोलावरचे अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा दिल्ली न्यूयॉर्कला जवळपास ८०० किलोमीटर जवळ आहे. आता समजा दोन्ही विमानांना पाकिस्तान टाळून मस्कतवरून जावे लागले. मुंबईहून मस्कतमार्गे न्यूयॉर्क होते सुमारे १२,९०० किलोमीटर. वाढ फक्त चारशेच्या आसपास, कारण मुंबईला समुद्र उघडा आहे. दिल्लीहून मस्कतमार्गे हाच आकडा जातो १३,३०० च्या आसपास, आणि तोही दिल्ली ते मस्कत सरळ रेघ धरली तर. ती रेघ स्वतःच सिंधवरून जाते, तेव्हा दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातकडे खाली उतरावे लागेल आणि वळसा आणखी वाढेल. म्हणजे नकाशावरची एकही रेघ न हलता जवळचे शहर लांबचे झाले आणि लांबचे जवळचे. दिल्लीकरांना फार कमी बाबतींत मुंबईचा हेवा वाटत असेल. त्यांत ही एक भर.

वळसा म्हणजे नुसता जादा वेळ असता तर माणसाने आणखी एक डुलकी काढली असती. अडचण इंधनाची असते. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १.८ लाख लिटर इंधन मावते, म्हणजे साधारण १४५ टन, आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे जास्तीत जास्त वजन असू शकते ३५१ टन. टाक्या भरल्या की वजनाचे चाळीस टक्के इंधनच असते, आणि सुरुवातीच्या तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. त्यामुळे शेवटी वाढलेला एक तास हा पहिल्या तासाइतका स्वस्त नसतो. तो भागवायला एक तर माल आणि प्रवासी कमी घ्यावे लागतात, नाही तर वाटेत उतरून इंधन भरावे लागते. भारतीय विमानांनी अशा काळात व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबे घेतले ते यासाठी. असा थांबा उतरणे, भरणे आणि पुन्हा चढणे धरून सहज दोन तास खातो.

दुसऱ्या अंतरात सुरक्षिततेच्या नियमांचाही वाटा असतो. दोन इंजिनांच्या विमानातले एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेवर सतत हाताशी असावा लागतो. १९५३ च्या अमेरिकी नियमात ही मर्यादा ६० मिनिटांची होती. इंजिने भरवशाची होत गेली तशी १९८५ मध्ये ती १२० मिनिटे झाली, नंतर १८०, आणि आज काही विमानांना त्याहूनही बरीच जास्त मुभा आहे. ही मुभा नसती तर ध्रुवाकडचे आणि महासागरांवरचे जवळचे मार्ग दोन इंजिनांच्या विमानांना बंदच राहिले असते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७७७ इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान येथे उतरले, आणि २१६ प्रवासी व १६ कर्मचारी दुसरे विमान येईपर्यंत तिथे अडकून राहिले. मगादान हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पण अशी अडनिडी गावे पर्यायी म्हणून हिशेबात धरूनच तो मार्ग आखता येतो.

डोंगरांचा नियम वेगळाच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर डोक्यावरच्या मुखवट्यांतून मिळणारा प्राणवायू काही मिनिटेच पुरतो आणि तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. खाली तिबेटचे पठार असेल तर दहा हजार फुटांवर हवा नसते, खडक असतात. भारतातून पूर्वेकडे जाणारी विमाने हिमालय आणि तिबेट टाळतात ते मुख्यतः यासाठी.

आता तिसरे अंतर, आणि माझ्या मते सगळ्यांत गमतीचे. विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालते, आणि हवा स्वतः चालत असते. खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो एकाच जोराने वल्ही मारतो, पण भरतीबरोबर जाताना काठावरची झाडे भराभर मागे पडतात आणि ओहोटीविरुद्ध जाताना तेच झाड बराच वेळ सोबत करते. मोठे प्रवासी विमान उंचावर ध्वनीच्या ८४ टक्के वेगाने जाते. तिथे तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असल्यामुळे ध्वनीचा वेगही कमी, म्हणजे ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्याचे ८४ टक्के म्हणजे ताशी ८९० किलोमीटर. हा झाला वल्ह्यांचा वेग. काठाच्या हिशेबात तो किती भरेल, ते वारा ठरवतो.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि ध्रुवांकडे निघते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि जिथे उष्ण व थंड हवेची सीमा सगळ्यांत तीव्र असते तिथे हा वेग साठतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग आहे आणि थंडीत तो तीनशेच्या वरही जातो. हिवाळ्यात त्यातला एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावर येतो. दिल्लीकडे थंडीत पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ याच वाऱ्यांबरोबर येतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने ताटेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे १९२० च्या दशकातच मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्याने १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि ती भाषा जाणणारे फारसे कोणी नसल्यामुळे तो जगाने वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे स्वतः अनुभवून शोधावे लागले.

या वाऱ्याची ताकद फेब्रुवारी २०२० मध्ये ठळकपणे दिसली. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले, आणि जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ऐकायला तो ध्वनीपेक्षा जास्त वाटतो, पण भोवतालच्या हवेच्या हिशेबात विमान नेहमीच्याच वेगाने चालले होते. हवाच त्याला खांद्यावर घेऊन पळत होती.

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या फेरीत हे मोजून पाहू. जाताना सोळा तासांतला जमिनीवरचा वेळ वजा केला, तर विमान हवेत साधारण सव्वापंधरा तास असते; ताशी ८९० किलोमीटरने ते सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर हवा कापते. येताना हवेत पावणेचौदा तास धरले, तर कापलेली हवा भरते सव्वाबारा हजार किलोमीटरच्या आसपास. गोलावरचे अंतर १२,५३० होते, ते आठवावे. येताना विमान गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेपेक्षाही कमी चालले, कारण उरलेले वाऱ्याने चालून दिले.

जाताना गेले ते येताना परत मिळाले, असे मात्र म्हणता येत नाही. समजा ९,००० किलोमीटरचे अंतर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९०० आहे. वारा नसेल तर जाऊन येऊन वीस तास लागतात. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. त्याच्याविरुद्ध जाताना ताशी ८०० मिळतात आणि सव्वाअकरा तास लागतात. त्याच्याबरोबर येताना ताशी १,००० मिळतात आणि नऊ तास लागतात. बेरीज सव्वावीस तास. वारा विरुद्ध असताना आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो आणि बाजूने असताना कमी वेळ, म्हणून फेरीच्या हिशेबात वारा नेहमी थोडे कापूनच घेतो.

म्हणूनच विमान कंपनीतले मार्ग आखणारे लोक रोज वाऱ्याचा अंदाज समोर ठेवून वाट नव्याने ठरवतात, आणि तिथे जवळचा मार्ग अनेकदा हरतो. याचे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधले आहे. एअर इंडियाचे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जात असे. ते वाट बदलून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून गेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबून १५,३०० किलोमीटर झाली, पण प्रवास साडेचौदा तासांत संपला आणि सुमारे दोन तास वाचले. सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या जवळपास पाठीमागे आहे, म्हणून तिथे डावीकडून की उजवीकडून असा पर्याय मिळाला. न्यूयॉर्कला जाणाऱ्याला तो मिळत नाही.

इथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो इंजिनियर झालेल्या माणसांकडूनही ऐकू येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत येत असणार, असा तो समज आहे. तसे असते तर जाताना कमी वेळ लागला असता, आणि प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने फिरते आहे. हा समज खरा असता, तर शिवाजी पार्कवरून हेलिकॉप्टर सरळ वर चढवून तासभर जागेवर ठेवले की ते ओमानच्या किनाऱ्यावर उतरायला हवे होते. ते उतरते शिवाजी पार्कवरच, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर हेलिकॉप्टरही. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये वर उडवलेले नाणे मागच्या डब्यात पडत नाही, हातातच परत येते, ते याच कारणाने. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेवर परिणाम होतो खरा, पण तो थेट होत नाही. वाऱ्यांना वळवून, त्यांच्या मार्फत होतो.

एवढे झाले तरी तिकिटावरचा वेळ अजून हाती आला नाही, कारण तो उड्डाणाचा वेळ नसतोच. विमान मुंबईच्या गेटवरून मागे ढकलले जाते तेव्हा तो सुरू होतो आणि न्यूयॉर्कच्या गेटला लागून थांबते तेव्हा संपतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणे येते, रांगेत उभे राहणे येते, आणि उशीर झालाच तर वेळापत्रक बिघडू नये म्हणून कंपनीने आधीच धरून ठेवलेली थोडी मोकळीकही येते. वैमानिकाने वाटेत फारसे काही न करताही विमान वीस मिनिटे लवकर आले अशी घोषणा होते, आणि प्रवासी खूश होतात. ती वीस मिनिटे बहुधा वेळापत्रकातच ठेवलेली असतात. कंपन्यांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि हिवाळी वेळापत्रकात पश्चिमेकडच्या उड्डाणाचा वेळ वाढवलेला दिसला, तर त्यामागे जोर धरलेला जेट प्रवाह असतो.

सुरुवातीचा सव्वापंधरा तासांचा आकडा कुठून आला, तेही आता सांगता येते. अंतर मोजून देणारी साधने सहसा गोलावरचे अंतर घेतात, त्याला ताशी ८५० च्या आसपासच्या ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्याउतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. १२,५३० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास, अधिक अर्धा तास, झाले सव्वापंधरा. या हिशेबात वारा नाही, बंद आकाश नाही, रांगही नाही. त्यामुळे तो आकडा जाण्याचाही नसतो आणि येण्याचाही नसतो. सोळा आणि साडेचौदा यांच्या मधोमध तो बसतो. दोन हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. लांबच्या प्रवासाला मात्र विमानतळावर घ्यायला येणाऱ्या मुलाला तो कळवू नये.

घड्याळाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण घोटाळे सगळ्यांत जास्त त्यातच होतात. भारताचे घड्याळ न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या घड्याळापेक्षा साडेदहा तास पुढे असते. पहाटे दोनला निघून सोळा तास उडाले की मुंबईत संध्याकाळचे सहा वाजतात. त्यातून साडेदहा वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे साडेसात. येताना हेच साडेदहा तास मिळवायचे असतात, म्हणून तारीख पुढे उडी मारते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली पूर्णपणे महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला उत्तर ध्रुवाच्या परिसरावरून विमान आणले. ते शनिवारी ९ जानेवारीच्या रात्री निघाले आणि सोमवारी ११ जानेवारीच्या पहाटे उतरले. हवेत सुमारे सतरा तास होते, पण आख्खा रविवार वाटेतच गेला.

स्वतःच्या तिकिटावरून खरा वेळ काढायची एक साधी युक्ती आहे, आणि तिला कोणते शहर किती तास मागे हे माहीत असण्याचीही गरज नाही. जाण्याचा घड्याळी वेळ आणि येण्याचा घड्याळी वेळ यांची बेरीज करावी. वरच्या उदाहरणात साडेपाच अधिक पंचवीस, म्हणजे साडेतीस तास. जाताना घड्याळातून वजा झालेले तास येताना तेवढेच मिळवले जातात, म्हणून बेरजेत ते आपोआप कटतात आणि उरतो तो दोन्ही वेळा विमानात बसण्याचा खरा वेळ: सोळा आणि साडेचौदा, साडेतीसच. त्याचे निम्मे केले की पुन्हा सव्वापंधरा येतात. फक्त दोन्ही प्रवास घड्याळाच्या एकाच हंगामात असावेत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. फेब्रुवारीत जाऊन मे महिन्यात परतणाऱ्याने या बेरजेत एक तास मिळवून घ्यावा.